टॉवर स्पीकर घेताना मालकांची मतं कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. खोली ४.२ बाय ५.१ मीटर, स्पीकर लांब भिंतीला लागून ठेवायचे, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला, चार महागडी टॉवर मॉडेलं निवडून ठेवलीयेत आणि त्या चारही मॉडेलांच्या मालकांची मतं तीन महिने वाचून डोकं भणाणून गेलंय, कारण तोच स्पीकर एकाला "बेस पोटात जाणवतो" असा वाटतो आणि दुसऱ्याला "बेसच नाही" असा. मग यात खरं कोण बोलतंय, असं तुम्ही विचारलंय.

दोघंही खरं बोलतायत. मी गेली बावीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन स्पीकर लावून देतोय, म्हणजे माइक लावून मोजायचं, सरकवायचं, परत मोजायचं, आणि या काळात मला एक गोष्ट पक्की कळलीये की मालक जेव्हा स्पीकरबद्दल लिहितो तेव्हा तो निम्म्याहून जास्त वेळा स्वतःच्या खोलीबद्दल लिहीत असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं. त्यामुळे त्याचं मत टाकाऊ होत नाही. उलट ते नीट वाचता आलं तर त्यातून जे मिळतं ते कुठल्याही ब्रोशरमधून मिळत नाही. पण "मस्त आहे" आणि "बेकार आहे" हे दोन शब्द सोडून बाकीचं वाचायला शिकावं लागतं.

एकाच मॉडेलच्या दोन मालकांकडे मी एकाच महिन्यात गेलो होतो ते सांगतो. पहिल्याची तक्रार होती की बेस घुमतो, गाणं कुठलंही लावा खाली एकच नोट "भुंम्म" करत राहते. त्याची खोली स्पीकरच्या भिंतीपासून सोफ्यामागच्या भिंतीपर्यंत बरोबर ४ मीटर, आणि सोफा भिंतीला चिकटवलेला. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर धरला की ४ मीटरच्या अंतरात पहिला रूम मोड, म्हणजे दोन भिंतींमध्ये अडकून घुमणारा सूर, ४३ हर्ट्झला येतो, आणि भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला तो पूर्ण जोरात ऐकू येतो. मोजलं तर नेमका तिथेच १२ डेसिबलचा डोंगर. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे बेस प्लेअर त्या तारेवर गेला रे गेला की अख्खी खोली त्याच्यासोबत गायला लागायची. आम्ही सोफा ७० सेंटीमीटर पुढे घेतला. त्याने ४३ चा डोंगर फारसा हलला नाही, पण दुप्पट फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे ८६ हर्ट्झचा जो फुगवटा होता तो बराच खाली आला आणि पुरुषी आवाजातला, चेलोमधला गढूळपणा गेला. मग पोर्टमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पेटीला हवेसाठी असलेल्या भोकात, कंपनीनेच बॉक्समधून दिलेले फोमचे बोळे घातले (दोन वर्षं ते पिशवीतच पडून होते) आणि ४३ वर एक अरुंद ईक्यू फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीचा आवाज कमी करणारा) लावला. तेव्हा कुठे त्या माणसाला आपला स्पीकर पहिल्यांदा ऐकू आला.

दुसऱ्याची तक्रार बरोबर उलटी, की एवढे मोठे वूफर (बेस वाजवणारे भाग) असून ड्रमला दणका नाही, सगळं पातळ. त्याची खोली ७.२ मीटर लांब, सोफा बरोबर मधोमध, स्पीकर मागच्या भिंतीपासून १.१ मीटर पुढे, कारण कुठेतरी वाचलं होतं की जितके पुढे तितकं चांगलं. आता ७.२ मीटरच्या खोलीत मधोमध बसलं की पहिला मोड, २४ हर्ट्झचा, ऐकूच येत नाही, आणि तिसरा, ७२ हर्ट्झचा, तोही नाही. शिवाय वूफर भिंतीपासून १.१ मीटरवर असला की भिंतीवरून परत आलेला आवाज ७८ हर्ट्झच्या आसपास उलटा होऊन मूळ आवाजाला खातो. दोन्ही खड्डे शेजारीशेजारी पडले, आणि ड्रमचा, बेसचा जो दणका आपल्याला छातीत जाणवतो तो ६० ते १०० च्या पट्ट्यातच तर असतो. सोफा सव्वा फूट मागे, स्पीकर ७० सेंटीमीटरवर, संपलं, काही विकत आणावं लागलं नाही. तर हे दोघं वेगवेगळं लिहितात आणि तिसरा वाचणारा गोंधळतो, स्पीकर मात्र एकच असतो.

म्हणून मत वाचताना मी पहिल्यांदा बघतो की लिहिणाऱ्याने खोलीचं माप, बसायचं अंतर आणि भिंतीपासूनचं अंतर दिलंय का. दिलं असेल तर ते मत सोनं. नसेल तर बेसबद्दलचं त्याचं प्रत्येक वाक्य मी बाजूला ठेवतो, मग तो कितीही अनुभवी असो. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली घरगुती खोलीत खोलीचीच सत्ता चालते. त्याच्या वर स्पीकरचा स्वभाव जास्त ऐकू येतो, त्यामुळे आवाज, व्हायोलिन, झांज, सतार यांच्याबद्दल कोणी काही लिहिलं असेल तर ते त्या मानाने जास्त विश्वासाचं.

आता मालकांची भाषा. "ब्राइट" हा शब्द सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. ब्राइट म्हणजे कधी खरंच स्पीकरमध्ये ३ ते ८ किलोहर्ट्झचा भाग थोडा वर असतो, कधी खोलीत एका बाजूला काच, खाली गुळगुळीत फरशी आणि भिंती उघड्या असतात, आणि बऱ्याचदा स्पीकर थेट कानाच्या दिशेने वळवलेले असतात. काही कंपन्यांचे स्पीकर सरळ समोरून मोजले तर ट्रेबल (वरचे, बारीक सूर) थोडं चढं असतं आणि पंधरा-वीस अंश बाजूने मोजलं की सपाट होतं, असे स्पीकर कानाकडे न वळवता जवळपास सरळ ठेवायचे असतात. मी एका घरी फक्त दोन्ही स्पीकर दहा अंश बाहेर फिरवले होते आणि मालक दोन मिनिटं काही बोललाच नाही, नुसता तीच ओळ परत परत लावत होता, त्या ओळीतले "स" आणि "श" आधी सुईसारखे टोचायचे. तो माणूस आठवड्याभरात विकायला काढणार होता ते स्पीकर.

"वॉर्म" म्हणजे बहुतेक वेळा १५० ते ३०० हर्ट्झ थोडं भरलेलं, किंवा वरचं थोडं उतरतं. "फास्ट बेस" म्हणजे वूफर वेगाने हलतो असं नव्हे, ६० हर्ट्झ वाजवायला वूफरला सेकंदाला ६० वेळाच हलायचंय, मग तो लहान असो की मोठा. फास्ट वाटतो तो बेस, ज्यात खोलीचा मोड मागे रेंगाळत नाही. आणि कधीकधी फास्ट म्हणजे चक्क बेस कमी. सीलबंद पेटीच्या स्पीकरना, उदाहरणार्थ मॅजिकोचे बघा, ते बंद ॲल्युमिनियम पेटीसाठीच ओळखले जातात, मालक हमखास "टाइट" म्हणतात. त्याचं कारण आहे, सीलबंद पेटीचा बेस खाली जाताना ऑक्टेव्हला, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की, १२ डेसिबलने हळूहळू उतरतो, पोर्टवाल्याचा पोर्टच्या खाली २४ डेसिबलने कोसळतो. लहान खोलीत खालचा बेस खोली स्वतःच उचलून देते, मग सीलबंदवाला बरोबर जुळतो आणि पोर्टवाला कधी डोईजड होतो. मोठ्या, उघड्या हॉलमध्ये हेच चित्र उलटं होऊ शकतं. म्हणजे "टाइट" असं लिहिणाऱ्याची खोली माहीत नसेल तर त्या शब्दावरून तुमच्या घराबद्दल काहीच ठरत नाही.

"डिटेल" बद्दलही सांभाळून. दुकानात दहा मिनिटांत जो स्पीकर जास्त डिटेल दाखवतो तो बऱ्याचदा ट्रेबल थोडा जास्त असलेला असतो, आणि तोच घरी दीड तासात थकवतो. इथेच मालकांच्या मतांची खरी किंमत आहे, कारण डेमो घेणाऱ्याला थकवा कळत नाही, मालकाला कळतो. कोणी लिहिलं असेल की "रात्री जेवणानंतर एक रेकॉर्ड ऐकायला बसतो आणि तीन ऐकून होतात", तर ते वाक्य मी कुठल्याही ग्राफइतकं मानतो. उलट कोणी लिहिलं की "जबरदस्त आहेत, पण हल्ली जुनी रेकॉर्डिंग्ज लावत नाही", तर तिथे थांबा. स्पीकर जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकू देत नसेल तर तो आपल्याकडून गाणी काढून घेतोय, आणि गाण्यासाठीच तर एवढा खर्च चाललाय ना.

वेळ बघा, मत कधी लिहिलंय ती. नव्याचे नऊ दिवस हे इथे अगदी शब्दशः खरं आहे. पहिल्या महिन्यातलं मत म्हणजे आनंदाची बातमी, ती वाचून आपणही खूश व्हावं, पण त्यावर निर्णय घेऊ नये. वर्षाने, तीन वर्षांनी त्याच माणसाने काय लिहिलं ते शोधा. आणि विकणाऱ्यांनी विकताना दिलेली कारणं तर जरूर वाचा, ती फार बोलकी असतात. "घर बदललं, खोली लहान झाली" हे खरं कारण असतं आणि त्यातून कळतं की हा स्पीकर लहान खोलीत मावत नाही. "ॲम्प कमी पडत होता" हेही उपयोगाचं.

मालकाच्या प्रेमाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आपला तो बाब्या हे सगळ्यांनाच लागू आहे, मलाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ऑडिओ संशोधकांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, त्यात त्याच लोकांना तेच स्पीकर आधी पडद्यामागे ठेवून आणि मग डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. दिसायला लागल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरचे मार्क वाढले आणि छोट्या, स्वस्ताचे कमी झाले, इतकंच नाही तर जागा बदलल्याने आवाजात जो खरा फरक पडत होता तोही लोकांना नीट जाणवेनासा झाला. आणि ते ऐकणारे ऑडिओ कंपनीतच काम करणारे लोक होते. मग स्वतःच्या पैशाने घेतलेला, दोन माणसांनी उचलून आणलेला, हॉलच्या मध्यावर चमकणारा स्पीकर कोणाला वाईट ऐकू येईल? यात कोणी खोटं बोलत नाही, कानाला खरंच तसं ऐकू येतं.

पण त्याच संशोधनातली दुसरी बाजू मला जास्त धीर देते. २००३ मध्ये ऑलिव्हने अडीचशेहून जास्त लोकांना न दाखवता चार स्पीकर ऐकवले, त्यात ट्रेनिंग घेतलेले होते, दुकानदार होते, ऑडिओबद्दल लिहिणारे होते, विद्यार्थी होते, आणि पसंतीचा क्रम जवळपास सगळ्यांचा सारखाच निघाला. ट्रेनिंगवाले फक्त जास्त काटेकोर होते. म्हणजे "ज्याची त्याची आवड" हे आपण समजतो तितकं खरं नाही. समोरून सपाट आणि बाजूने हळुवार, गुळगुळीत उतरणारा आवाज बहुतेकांना आवडतो. म्हणून तुमच्या चार मॉडेलांची स्पिनोरामा पद्धतीची, म्हणजे चहूबाजूंनी घेतलेली मोजमापं मिळाली तर ती आधी बघा आणि मग मालकांची मतं वाचा. ग्राफमध्ये ४ किलोहर्ट्झला टेकडी दिसली आणि पाच मालक वेगवेगळ्या खोल्यांतून म्हणतायत "थोडा पुढे येतो", तर तो स्पीकरच आहे. ग्राफ स्वच्छ आहे आणि दोघंच कुरकुरतायत, तर तो त्यांच्या घराचा प्रश्न.

कंपन्यांच्या नावावरून जे ठोकताळे चालतात त्याबद्दल. बॉवर्स अँड विल्किन्सच्या ८०० मालिकेतल्या डायमंड ट्विटरवाल्यांचे (ट्विटर म्हणजे ट्रेबल वाजवणारा भाग) मालक डिटेल आणि हवेशीरपणाबद्दल भरभरून बोलतात आणि न आवडणारे नेमकं ट्रेबललाच नाव ठेवतात, दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. या स्पीकरना थोडी भरलेली, गालिचा, पुस्तकांची कपाटं असलेली खोली मानवते असं मी पाहिलंय. केईएफचे मालक आवाजाच्या एकसंधपणाबद्दल बोलतात, त्याचं कारण युनि-क्यू ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे स्पीकरमधला आवाज काढणारा भाग), १९८८ पासून ते ट्विटर मिडरेंजच्या, म्हणजे मधले सूर वाजवणाऱ्या ड्रायव्हरच्या, बरोबर मध्यभागी बसवतात, त्यामुळे उभं राहा, बसा, बाजूला सरका, फरक कमी पडतो. टॅनॉय हेच आपल्या पद्धतीने १९४७ पासून करतंय. फोकलच्या वरच्या मॉडेलांत बेरिलियमचा आतल्या बाजूला वळलेला डोम असतो. त्याचा आवाज सुंदर, पण घरात लहान मुलं असतील तर ग्रिल लावूनच ठेवा, आणि कुठल्याही कंपनीचा बेरिलियम डोम फुटलाच तर हाताने तुकडे गोळा करू नका, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. रेव्हलचे मालक सहसा शांत असतात, फार विशेषणं वापरत नाहीत, "आहे तसं ऐकू येतं" एवढंच म्हणतात. मला ती मोठी पावती वाटते.

विल्सन ऑडिओच्या मोठ्या मॉडेलांत वरचे ड्रायव्हर वेगळ्या पेटीत असतात आणि ऐकणाऱ्याचं अंतर आणि कानाची उंची मोजून त्या पेट्या पुढेमागे, तिरक्या करून बसवायच्या असतात, म्हणून त्यांच्या मालकाचं मत वाचताना सेटिंग कोणी आणि किती काळजीने केलं तो प्रश्न पहिला.

आणि हा उंचीचा, अंतराचा मुद्दा फक्त त्यांचाच नाही. एका घरी चार ड्रायव्हरचा उंच टॉवर होता, मालकाचं म्हणणं गाणारी बाई माळ्यावरून गातेय असं वाटतं आणि आवाज पोकळ येतो. मी टेप काढली. ट्विटर जमिनीपासून ११५ सेंटीमीटरवर, सोफा खोल आणि मऊ, मालक त्यात बसला की कान ९२ वर, आणि अंतर जेमतेम १.९ मीटर. एवढ्या जवळून आणि खालून चार ड्रायव्हरचे आवाज एकत्र व्हायच्या आधीच कानावर येत होते, आणि क्रॉसओव्हरच्या पट्ट्यात, म्हणजे जिथे एक ड्रायव्हर दुसऱ्याकडे आवाज सोपवतो तिथे, एकमेकांना कापत होते. मागचे स्पाइक (टोकदार पाय) तीन-चार आटे वर काढून स्पीकर किंचित पुढे झुकवला, सोफा २.७ मीटरवर नेला, गादीखाली एक घट्ट उशी टाकली. बाई खाली आली. यात स्पीकरचा दोष काही नव्हता, पण त्या माणसाने आधीच "मिडरेंज पोकळ" असं लिहून टाकलं होतं आणि ते वाचून किती जणांनी तो स्पीकर यादीतून काढला असेल कोण जाणे. व्हँडरस्टीन किंवा जुने थील अशा फर्स्ट ऑर्डर (सगळ्यात हळुवार सोपवणाऱ्या) क्रॉसओव्हरवाल्यांना तर उंचीची शिस्त आणखी कडक लागते.

ॲम्पचं थोडं गणित, कारण "या स्पीकरला राक्षसी ॲम्प लागतो" हे वाक्य प्रत्येक महागड्या टॉवरखाली असतंच. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकद दिली की एक मीटरवर किती आवाज येतो ते, ८७ डेसिबल लिहिलेली असते ती बहुतेक वेळा २.८३ व्होल्टवर मोजलेली असते. ८ ओहमला ते १ वॅट होतात, पण ४ ओहमला २ वॅट. म्हणजे ४ ओहमचा ८७ वाला स्पीकर खऱ्या १ वॅटला ८४ च देतो. आता खरा ८७ वाला घ्या, तीन मीटरवर बसा, दोन स्पीकर आणि खोलीचा हातभार धरून कानापाशी १ वॅटला साधारण ८४ पडतात समजा. घरात छान मोठ्याने ऐकणं म्हणजे सरासरी ७५, आणि चांगल्या रेकॉर्डिंगचे पीक त्याच्या २० डेसिबल वर, म्हणजे ९५. त्याला लागतात १२-१३ वॅट. सरासरी ८५ वर ऐकणारा असेल तर पीक १०५, तिथे सव्वाशे वॅट. फक्त १० डेसिबलचा फरक आणि वॅट दहापट. म्हणून एक मालक म्हणतो ३० वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प पुरतो आणि दुसरा म्हणतो २०० वॅटही घुसमटतात, तर दोघांच्या ऐकण्याच्या आवाजातला फरक विचारा. वॅटपेक्षा मी इम्पीडन्सचा (स्पीकर ॲम्पच्या करंटला किती अडवतो त्याचा) ग्राफ जास्त बघतो, कुठे ३ ओहमच्या खाली जातोय का आणि नेमका तिथेच फेज अँगलही (व्होल्टेज आणि करंट मागेपुढे होणं) वाकडा आहे का, ते असेल तर मात्र दमदार, करंट देणारा ॲम्प घ्याच.

बर्न-इनबद्दल, म्हणजे नवा स्पीकर बरेच तास वाजवला की सुधारतो या समजाबद्दल, फार लिहीत नाही. वूफरचं सस्पेन्शन सुरुवातीच्या काही तासांत थोडं सैल होतं, तो बदल मोजता येतो आणि तो लहान असतो. त्यापुढचे "२०० तासांनी फुलला" हे मुख्यतः आपला कान रुळण्याचं काम. वायफळ वाद आहे, सोडून द्या.

त्यापेक्षा जुन्या मालकांकडून टिकण्याबद्दल विचारा, ते कोणी विचारत नाही. वूफरची कड रबराची आहे की फोमची, कारण फोम पंधरा-वीस वर्षांत भुगा होतो, रबर त्याहून खूप जास्त टिकतं. बंद झालेल्या मॉडेलचा ट्विटर कंपनी आजही देते का. व्हीनियर उन्हाने एका बाजूने फिका पडलाय का. वजन किती आणि तो हलवायला किती जण लागतात, कारण १०० किलोच्या आसपासचा स्पीकर एकदा ठेवला की माणूस तो सरकवायचा कंटाळा करतो, आणि न सरकवलेला स्पीकर मी वर सांगितलं तसा वर्षानुवर्षं चुकीच्या जागी वाजत राहतो. मी पाहिलेल्या नाराज मालकांपैकी बरेचसे याच कारणाने नाराज होते.

तुमच्या खोलीपुरतं बोलायचं तर, तुम्ही स्पीकर लांब भिंतीवर ठेवताय म्हणजे आवाज ४.२ मीटरच्या दिशेने धावणार, मोड ४१ हर्ट्झला, आणि सोफा मागच्या भिंतीला. ही त्या पहिल्या घराचीच परिस्थिती आहे. जमत असेल तर मांडणी फिरवा, स्पीकर छोट्या भिंतीवर आणि सोफा मागच्या भिंतीपासून दीडेक मीटर पुढे, मग बसायचं अंतर तीन मीटरच्या आसपास उरतं आणि टॉवरला मोकळीक मिळते. घरच्या रचनेमुळे फिरवता येत नसेल तर यादीतल्या सर्वात मोठ्या मॉडेलचा मोह सोडा, त्याच मालिकेतला एक नंबर लहान, किंवा सीलबंद, किंवा पोर्टचे बोळे मिळणारा घ्या, आणि ईक्यूची सोय असलेला ॲम्प किंवा स्ट्रीमर बघा.

चार मॉडेलांच्या मालकांना लिहा आणि एवढंच विचारा: खोली किती बाय किती, मागच्या भिंतीपासून स्पीकर किती लांब, तुम्ही किती लांब आणि किती उंचीवर बसता, कानाकडे किती वळवलेत, आवाज साधारण किती ठेवता, आणि घेतल्यापासून काय ऐकायचं वाढलं आणि काय कमी झालं. जो टेप घेऊन मापं काढून पाठवेल त्याच्या घरी ऐकायला जायची परवानगी मागा. जाताना स्वतःची गाणी न्या, त्यात तबल्याचा एक तुकडा असू द्या ज्यात बायां (डग्गा) नीट घेतलाय. बायांवरची मनगटाने घेतलेली मींड हळूहळू वर चढते, खोली आणि स्पीकर चांगले असतील तर ती एकसारख्या जोराने चढते, नसतील तर मध्येच एक सूर उसळतो किंवा गायब होतो, आणि हे ऐकायला कुठलंही यंत्र लागत नाही. तानपुऱ्याचाही एक लांब तुकडा न्या, ट्विटर आणि मिडरेंजचा सांधा त्यात लपत नाही, जवारीची झिलई एका जागी तुटल्यासारखी वाटली तर सांधा कच्चा आहे. दोन स्पीकर शेजारी ठेवून तुलना करणार असाल तर दोघांचा आवाज पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला खरखराट) लावून मीटरने सारखा करा, अर्ध्या-एक डेसिबलने मोठा असलेला स्पीकर आपल्याला "मोठा" न वाटता "चांगला" वाटतो.

आणि स्पीकर घरी आले की पहिले तीन आठवडे स्पाइक लावू नका. खाली जाडसर कापडाचे तुकडे ठेवा म्हणजे एकट्याने सरकवता येतील, प्रत्येक जागेला जमिनीवर कागदी टेपची खूण करून त्यावर तारीख आणि अंतर लिहा, एका वेळी पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलवू नका आणि प्रत्येक जागी किमान दोन संध्याकाळ ऐका. रूम ईक्यू विझर्ड हे खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याला यूएसबीचा मोजणीचा माइक लागतो, तेवढा घ्याच. मोजून झालं की ग्राफ, खोलीची मापं आणि टेपच्या खुणांवरची अंतरं मला पाठवा, मी बघून सांगतो.